परवलीची बोटं

रविवारी दुपारी जेवण आटोपून हेमलताबाई सातपुते पलंगावर आडव्या होतात, त्या झोपायला नव्हे. नुसती पाठ टेकायला, असं त्या स्वतःला बजावतात. झोप येणार तरी कुठून? पाच वाजता सोलापूरहून लेक आणि जावई यायचे आहेत, आणि जावयांच्या खिशात एक पेन ड्राइव्ह असणार आहे. त्या बोटभर वस्तूनं ते समोरच्या टेबलावरचा कॉम्प्युटर पुसून कोरा करणार आहेत.

पुसा म्हणून सांगितलं कुणी? बाईंनीच. परवा फोनवर, रागाच्या भरात. “न्या एकदाचं पुसून, माझी कटकट जाईल,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन नाही. डाव्या कुशीवर वळलं की टेबल दिसतं, उजव्या कुशीवर वळलं की भिंतीवरचं घड्याळ. उताणं पडावं तर पंखा. बार्शीत चैत्राचं ऊन असं की पंखा वारा घालतोय की वाफ, सांगता येत नाही.

राग कुणावर, तर भिंतीवरच्या फोटोतल्या माणसावर. दिगंबर सातपुते जाऊन अकरा महिने झालेत. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध.

सातपुते टाइपरायटरचे मेकॅनिक. बार्शीतल्या कचेऱ्या, कोर्ट, बाजार समिती, वकिलांच्या खोल्या, सगळीकडं त्यांची पिशवी फिरायची. पिशवीत दोन पेचकस, तेलाची बुधली आणि एक जुना दात घासायचा ब्रश. टाइपरायटर गेले तेव्हा त्यांच्या जोडीच्या मेकॅनिकांनी दुकानं बंद केली. सातपुते पन्नाशीला टेकलेले असताना कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. पहिलं वर्षभर नुसते चिडले. “याचं झाकणच उघडत नाही,” म्हणायचे. मग त्यांना कुठून तरी लिनक्स सापडलं. याचं झाकण उघडत होतं. आत कोण काय करतंय ते बघता येत होतं, हवं ते बदलता येत होतं आणि कुणाची परवानगी लागत नव्हती. झालं! माणसाला उतारवयात दुसरं प्रेम व्हावं तसं ते झालं, आणि तालुक्यातल्या निम्म्या शाळांचे भंगारात निघालेले कॉम्प्युटर त्यांनी त्यावर चालते केले.

आणि बाई तहसील कचेरीत टंकलेखिका. तेहतीस वर्षं. मराठी मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगानं, नजर मसुद्यावर, कळांकडं म्हणून बघायचं नाही. जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या परीक्षेत. त्या दिवशी सातपुत्यांनी निकालाचा कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. बास. अडतीस वर्षांच्या संसारात ‘छान झालंय’ हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडातून निघाले नाहीत. शेंगदाण्याच्या चटणीत मीठ जास्त पडलं तर मात्र लगेच सांगायचे.

दवाखान्यात नेण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी या कॉम्प्युटरवर बाईंच्या नावाची एक जागा करून दिली. “हे तुझं घर,” म्हणाले. आणि शेजारचं त्यांचं घर कुलूपबंद. त्या घरात ‘आवाज’ नावाचा एक कप्पा आहे. टाइपरायटर लिलावात भंगार म्हणून निघाले, त्या वर्षी सातपुत्यांनी गावातल्या एकेका मशीनचा आवाज टेप करून घेतला होता. कुणी हसलं तर हसो. पुढं ते सगळे आवाज त्यांनी या कॉम्प्युटरमध्ये भरले. त्यात तहसीलचं तीन नंबरचं मशीन आहे, आणि त्यावर टाइप करणाऱ्या बाई आहेत, आणि बाजूला खोकणारे सातपुते आहेत. फोनवर बोलायचा त्यांना भारी कंटाळा. त्यामुळं त्या खोकल्याशिवाय सातपुत्यांचा कसलाही आवाज या जगात उरलेला नाही.

आणि त्या कुलपाचा परवलीचा शब्द त्यांनी बायकोला सांगितला नाही.

विसरले, की सांगायचाच नव्हता? अकरा महिने बाईंच्या डोक्यात हा एकच भुंगा आहे. शेवटचे दोन दिवस तर सांगायची सोयच राहिली नाही. तोंडावर मास्क, बोलणं बंद. हात तेवढे अस्वस्थ. बोटं पांघरुणावर सारखी वळवळायची. “असं होतं हो मावशी, हात धरून बसा,” असं सिस्टर म्हणाली, आणि बाईंनी दोन दिवस ते हात घट्ट धरून ठेवले. पण त्याआधी? त्याआधी आठवडाभर तोंड होतंच की!

म्हणून बाई लिनक्सच्या आज्ञा शिकायला बसल्या. बासष्टाव्या वर्षी, पुस्तक आणून, दोनशे पानी वही घालून. एल आणि एस म्हणजे घरात काय काय आहे ते दाखव. सी आणि डी म्हणजे त्या खोलीत जा. पी-डब्ल्यू-डी म्हणजे मी आत्ता कुठं आहे. हे वाचून मात्र त्या एकट्याच खळखळून हसल्या, कारण तहसिलात तेहतीस वर्षं पीडब्ल्यूडी म्हणजे बांधकाम खातं, आणि त्या खात्याला आपण कुठं आहोत हे कधी कळल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी एक नवा कप्पा करायची आज्ञा दिली. मशीन गप्प. झालं नसेल म्हणून परत दिली, तर मशीन खेकसलं, आहे की आधीचा! दोन दिवसांनी त्यांनी वहीत लिहिलं, ‘काम झालं की हे बोलत नाही. चुकलं तरच बोलतं.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘ह्यांच्यासारखंच.’

कुलपाशी तर त्यांनी भलताच घोळ घातला. परवलीचा शब्द टाइप करताना लिनक्समध्ये पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपका नाही, फुली नाही. बाईंना वाटलं, कीबोर्ड गेला. बाजारातून नवा आणला. तोही तसाच मुका. दुकानदाराशी भांडून आल्यावर मग पुस्तकात सापडलं की हे असंच असतं. मागून कुणी बघत असलं तर अक्षरं किती तेसुद्धा कळू नये. त्यानंतर लेकीचं नाव, सासूबाईंचं नाव, गावचा भगवंत, लग्नाची तारीख, सगळं घालून झालं. दर वेळी मशीन तेवढ्याला बोललं, चूक म्हणून. जावई सांगतात की किल्लीशिवाय ते बाहेरूनही निघायचं नाही, बाबांनी पक्का बंदोबस्त केलाय.

आजही जेवणाआधी त्यांनी ती आज्ञा देऊन ठेवली आहे. ‘मला आता दिगंबर समज’ एवढाच तिचा अर्थ. काळ्या पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला बाईंचं नाव आहे, हेमलता, कारण मशीनच्या लेखी खुर्चीत त्या बसल्या आहेत. खाली परवलीचा शब्द मागणारी ओळ. मशीन वाट बघतंय. बघू दे.

घड्याळात सव्वातीन. पंख्याचं एक पातं कधीपासून खट वाजतंय. खट. खट. मग दोनदा खटखट. बाईंना वाटतं, पंखा कधी ओळ बदलतो का? आणि टाइपरायटरवर ओळ बदलताना वाजते ती घंटी वाजते.

टेबलाशी सातपुते पाठमोरे बसलेले आहेत. बनियन, लेंगा, कानावर पेचकस. नव्या कीबोर्डच्या सगळ्या कळा काढून त्यांनी वर्तमानपत्रावर मांडल्यात आणि ब्रशनं एकेक घासतायत. रॉकेलचा वास खोलीभर.

“कधी आलाव?” बाई विचारतात.

“मघाच. तुझा डोळा लागला होता.”

“माझा नाही लागला.”

“बरं, नाही लागला.”

ते गेलेत हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. पण तोंडावर कसं म्हणायचं? आलेल्या माणसाला आधी पाणी विचारावं. त्या उठायला बघतात तर पाय जड, पदर कशात तरी अडकलेला. घड्याळात पाचला दहा कमी आहेत. इतक्यात? आता सव्वातीन होते!

“अहो, पाचला जावई येतायत. सगळं पुसणार आहेत. किल्ली सांगा आधी.”

“तेल कुठंय गं बुधलीतलं?”

“किल्ली म्हणते मी.”

“तेलाशिवाय कशी बसायची कळ? अडकेल.”

हा माणूस जिवंतपणी असाच करायचा. बाई तणतणत स्वयंपाकघराकडं जातात. उंबरा ओलांडला की लाकडी जिना लागतो. घरात जिना कुठून आला, हे त्यांना खटकतं, पण पाय ओळखीनं वर जातात, सातवी पायरी मोडकी आहे ती चुकवून. खाली करडीच्या तेलाचं गोदाम, वर टायपिंगचा क्लास. तेलाचा वास, कार्बन पेपरचा वास, सहा मशीनं एका रांगेत आणि प्रत्येकाच्या कळांवर पत्र्याचं झाकण, म्हणजे पोरींनी बोटं बघायची नाहीत.

पोरी कुणीच नाहीत. खिडकीजवळच्या मशीनशी सातपुते आहेत, चोवीस वर्षांचे. केस काळेभोर, मिशी नुकतीच राखायला घेतलेली. बाईंच्या डोळ्यांवर मात्र बासष्ट वर्षांचा चष्मा आहे, आणि त्यांना त्याची लाज वाटते.

“तुमच्या मशीनची पट्टी अडकत होती,” ते अदबीनं म्हणतात. “बसवली. बघा आता.”

आणि झाकणाखाली हात घालून ते झरझर टाइप करतात. डावीकडून सुरू होऊन उजवीकडं, परत मधे, दोन वर, एक खाली, शेवटी करंगळीनं एक ठोका. बाईंची नजर सवयीनं भिंतीवर आहे. त्यांना नुसता आवाज ऐकू येतो.

“काय टाइप केलंत?”

“काही नाही. अडकणाऱ्या कळा आहेत तेवढ्या. कुठलंबी मशीन बसवलं की एकदा फिरवतो. गप चाललं म्हणजे झालं.”

बाई कागद उपसून बघतात. कागद कोरा. मशीनला रिबिनच नाही.

“परत करा. मला दिसलं नाही.”

“तुम्ही कुठं बघून टाइप करता?”

“अहो, पाच वाजतायत!”

“बोटांकडं लक्ष असू द्या,” असं म्हणून ते पिशवी उचलतात. भिंतीवरचं घड्याळ इथंही पाचला दहा कमीच दाखवतंय. बाई त्यांच्या मागं धावतात. मी आत्ता कुठं आहे, मी आत्ता कुठं आहे, असं त्या मनात घोकतायत. ती आज्ञा द्यायची तर कळा हव्यात, आणि कळा तर घरी वर्तमानपत्रावर मांडून ठेवल्यात. जिना उतरल्यावर गोदाम असायला हवं, पण तहसिलाचं आवार लागतं.

लिंबाखाली चाळीस टाइपरायटर एकावर एक रचलेत. लिलावाचे. प्रत्येकाच्या अंगावर चुन्यानं नंबर घातलेला. ऊन इतकं की लोखंडाला हात लावता येत नाही. सातपुते आता पंचेचाळिशीचे, हातात टेपरेकॉर्डर, ढिगात वाकून एकेका मशीनला कान लावतायत, डॉक्टर पोराच्या छातीला लावतो तसा.

“हे कोर्टाचं. दम्याचं आहे. हे बाजार समितीचं, याची घंटी बघ अजून कशी कडक. आणि हे तुझं.” तीन नंबरचं मशीन ते उचलून बाईंपुढं ओट्यावर ठेवतात. “वाजव.”

“मला वेळ नाही.”

“एक मिनिट. टेप चालू आहे.”

बाई बसतात. बोटं कळांवर टेकतात आणि सुटतात. ‘विषय : गाव नमुना’ पासून पुढं काय काय येतं ते येतं, सगळं बोटांनाच ठाऊक. मिनिट संपतं. सातपुते खोकतात, टेपचं बटण दाबतात, पिशवी खांद्याला लावतात आणि निघतात. त्या वर्षी अगदी असंच झालं होतं. त्या वर्षी बाई गप्प बसल्या होत्या.

“थांबा,” आज त्या ओरडतात. “एवढं टाइप केलं मी. चाळीस मशीनं रडत पडलीत, त्यांत एक मी वाजवून दाखवलं. चांगलं म्हणायला जीभ झडती काय तुमची?”

सातपुते वळतात. त्यांना खरंच कळलेलं नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

“चुकली असतीस तर बोललो असतो की.”

“अडतीस वर्षं?”

“अडतीस वर्षांत कितींदा बोललो, सांग बरं.”

बाई आठवून बघतात. दोनदा मिठावरून. एकदा लेकीला ताप असताना त्या कचेरीत गेल्या म्हणून. चौथं काही आठवत नाही. त्यांना हसावं की रडावं समजत नाही, आणि ते न समजल्यामुळं त्या जास्तच चिडतात.

“मी काय मशीन आहे व्हय? गप चाललं म्हणजे झालं?”

सातपुते तळवे लेंग्याला पुसतात. तेलाचे हात असले की पुसायचे तसे, पण आज हात कोरडे आहेत.

“नाहीस,” ते म्हणतात. “तेवढं चुकलंच माझं.”

बाईंनी अडतीस वर्षं या वाक्याची वाट बघितली आहे, आणि आता ते मिळालं तर त्याचं काय करायचं ते त्यांना सुचत नाही. लिंबाची पानं एकाएकी हलायची थांबतात. बाई हलक्या आवाजात विचारतात, “मग किल्ली का नाही दिलीत? मला आत येऊ द्यायचं नव्हतं?”

“दिली की.”

“कधी?”

“दोन दिवस देतोय.”

“खोटं नका बोलू. दोन दिवस तुम्ही...”

लिंबाखाली पलंग आहे. लोखंडी, पांढऱ्या रंगाचा, अंगावर चुन्यानं नंबर घातलेला. मशीनांचा ढीग कुठं गेला? आता नुसती पलंगांची रांग आहे, आणि खिडकीजवळच्या पलंगावर सातपुते, गळ्यापर्यंत हिरवं पांघरूण, तोंडावर मास्क. मास्कच्या आत वाफ धरते, विरते, धरते. बाई स्टुलावर बसलेल्या आहेत. हे स्टूल त्यांच्या ओळखीचं आहे. याचा एक पाय आखूड आहे, हे त्यांना बसण्याआधीच कळतं.

पांघरुणावर बोटं वळवळतायत.

“हात धरा मावशी,” मागून सिस्टरचा आवाज येतो. बाई मागं बघत नाहीत. त्यांचा हात पुढं झालेला आहे. धरायचंच काय ते बाकी. दोन दिवस धरून ठेवले होते त्यांनी ते हात, शांत पडा, शांत पडा म्हणत, आणि बोटं त्यांच्या मुठीत पाखरासारखी धडपडत राहिली होती. मुठीतल्या त्या धडपडीची आठवण त्यांना अकरा महिने रोज येते.

त्या हात आवरतात. आणि बघतात.

डावीकडून सुरू. उजवीकडं. परत मधे. दोन वर, एक खाली. शेवटी करंगळीचा एक ठोका. मग जरा थांबून, धाप लागल्यासारखं, परत डावीकडून.

चाळीसच्या वेगाची टंकलेखिका. जिल्ह्यात पहिली. आणि नवऱ्याची बोटं समोर टाइप करतायत हे तिला वाचता आलं नाही! पाच-दहा वेळा नव्हे, दोन दिवस तो माणूस एकच ओळ परत परत देत होता, आणि ती त्याचं तोंड दाबावं तसे त्याचे हात दाबत होती.

“अहो, मी धरून ठेवले हो,” बाई म्हणतात. “मला वाटलं, तुम्हाला त्रास होतोय. मी दाबून धरले.” मास्कच्या आत वाफ धरते आणि विरते. सातपुत्यांना उत्तर द्यायला तोंड नाही, हे बाईंना माहीत आहे, तरी त्या उत्तराची वाट बघतात.

मग त्या आपला तळवा उलथा करून त्यांच्या बोटांखाली सरकवतात.

बोटं क्षणभर थबकतात. तळव्यावर बसतात. कोरडी, थंड, तेलानं काळवंडलेल्या नखांची बोटं. आणि चालू लागतात. बाई डोळे मिटतात, कारण झाकण घातल्यावर पोरींनी बघायचं नसतं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा चालू असताना त्यांचा दुसरा हात आपोआप पांघरुणावर जातो आणि पांघरुणाखाली कळा लागतात. मधल्या ओळीच्या, चांगल्या दाबाच्या, तेल घातलेल्या कळा. बाई टाइप करतात. डावीकडून सुरू. उजवीकडं. मधे. दोन वर, एक खाली. करंगळी.

“बरोबर आहे का?” डोळे मिटूनच त्या विचारतात.

सातपुते काही बोलत नाहीत.

“चुकलं का?”

सातपुते काही बोलत नाहीत. तळव्यावरची बोटं थांबलेली आहेत. ती आता वळवळत नाहीत, धडपडत नाहीत, बाईंच्या हातात नुसती पडून आहेत. काम झाल्यासारखी. घंटी वाजते.

घंटी नव्हे, हॉर्न. फाटकाशी गाडी उभी आहे.

बाई पलंगावर आहेत. पंखा खट करतो, फिरतो, खट करतो. घड्याळात पाचला दहा कमी. उशी घामानं ओली आणि चष्मा अंगाखाली गेलेला. तो चाचपून काढायला आणि डोळ्यांवर चढवायला त्यांना वेळ लागतो. त्यांना कुणाला हाक मारायची असते, पण नाव ओठांवर येईपर्यंत सगळं उडून जातं, क्लास, लिंब, पलंग. राहतो तो नुसता एक गारवा, उजव्या तळव्यावर, आणि तोही घामाचा असेल असं त्या स्वतःला सांगतात.

बाहेर लेक दाराच्या कुलपाशी खुडबुड करतेय. “आई, झोपलीस का गं?”

बाई उठून टेबलाशी जातात. पडदा विझलेला आहे. त्या माउस हलवतात. उजेड येतो.

परवलीचा शब्द मागणारी ओळ आता वर सरकली आहे. तिच्या पुढं काहीही उमटलेलं नाही, उमटत नसतंच. तिच्या खाली एक नवी ओळ आली आहे. चूक म्हणून नाही, शाबास म्हणून नाही, मशीन एका शब्दानंही बोललेलं नाही. पण ओळीच्या सुरुवातीला हेमलता हे नाव नाही. तिथं दिगंबर लिहिलेलं आहे, आणि त्याच्या पुढं कर्सरचा चौकोन लुकलुकतोय.

त्या झोपेत उठून बसल्या होत्या की काय? खुर्ची तर टेबलाला भिडवलेली होती तशीच आहे, आणि नव्या कीबोर्डच्या कळा जागच्या जागी. बाई तळवा लुगड्याला पुसतात, मग का पुसला म्हणून त्यांनाच वाईट वाटतं. त्या खुर्ची ओढून घेतात आणि बसतात. बोटं कळांवर टेकतात.

दार उघडतं. उन्हाचा झोत आत येतो, मागून लेक, तिच्यामागं जावई, घाम पुसत, हसत. त्यांनी पेन ड्राइव्ह आधीच काढून हातात घेतलाय. “काय आई, करूया ना सुरू? दहा मिनिटांचं काम आहे.”

बाई मागं वळत नाहीत. त्यांनी ‘आवाज’च्या कप्प्यात जायची आज्ञा दिली आहे. मशीन गप्प आहे.

“जावईबापू, ते खिशात ठेवा,” त्या म्हणतात. “आणि तेवढा पंखा बंद करा. मला ऐकायचंय.”